ऐंशी मीटर तार, दोन सेंटिमीटर जादा

शेतातून गेलेली विजेची तार खाली आली की गावात एकच वाक्य ऐकू येतं: "ढिली सोडलीय, ओढून घ्या." ओढून घ्यायला हरकत नाही. पण किती ओढायची, ओढल्यावर खांबावर किती जोर येतो, आणि जानेवारीत नीट दिसणारी तार एप्रिलात कडब्याच्या ट्रॉलीला का टेकते, हे सगळं हिशोबात बसतं. तो हिशोब दोन खिळ्यांना टांगलेल्या साखळीपासून सुरू होतो.

दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा आणि साखळीचा सर्वांत खालचा बिंदू यांतलं उभं अंतर म्हणजे झोळ. हल्ली या शब्दाला भानगडीचा अर्थ चिकटलाय, पण तारवाल्यांचा झोळ जुना आणि प्रामाणिक आहे. दोन खांबांतलं अंतर म्हणजे गाळा.

आता खालच्या बिंदूवर उभं राहा. तिथे साखळी अगदी आडवी आहे, त्यामुळे तिथला ताणही पूर्ण आडवा. त्याला त म्हणू. तिथून साखळीवरूनच स एवढं अंतर चढून जा. मधल्या तुकड्यावर तीनच बलं आहेत: खालच्या टोकाचा आडवा ताण, तुकड्याचं स्वतःचं वजन आणि वरच्या टोकाचा तिरका ताण. तुकडा हलत नाही, म्हणजे वरच्या तिरक्या ताणाचा आडवा भाग त इतकाच असणार आणि उभा भाग वजनाइतका. एका मीटरचं वजन व असेल तर उभा भाग व × स. ताण नेहमी साखळीच्या दिशेनेच असतो, म्हणून त्या जागचा चढ = (व × स) ÷ त.

त ला व ने भागलं की एक लांबी मिळते. तिला क म्हणू. अर्थ सोपा आहे: खालच्या बिंदूवरचा ताण जितक्या मीटर साखळीच्या वजनाइतका, तितके मीटर म्हणजे क. मग चढ = स ÷ क. साखळीचं सगळं गणित या एका ओळीत आहे. साखळी लोखंडाची की चांदीची, जाड की बारीक, याने आकार बदलत नाही; वजन दुप्पट झालं की ताणही दुप्पट होतो आणि क तोच राहतो.

या ओळीतला स साखळीवरून मोजलेला आहे, जमिनीवरून नव्हे, आणि साखळी अन्वस्तापासून (पॅराबोला, फेकलेल्या चेंडूच्या वाटेचा आकार) वेगळी होते ती इथेच. झुलत्या पुलाच्या मुख्य दोरावर पुलाच्या पट्टीचं ओझं असतं आणि ते आडव्या मीटरमागे सारखं असतं. तिथे चढ आडव्या अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि दोर अन्वस्ताचा आकार घेतो. साखळीवर फक्त स्वतःचं वजन आहे. टोकाकडे साखळी उभी होत जाते, म्हणजे एका आडव्या मीटरमध्ये जास्त साखळी मावते, ओझं टोकांकडे दाटतं आणि बाजू अन्वस्तापेक्षा जास्त उभ्या होतात.

खालच्या बिंदूच्या आणखी क एवढं खाली एक आडवी रेषा मनात ओढा आणि साखळीच्या कुठल्याही बिंदूची उंची उ त्या रेषेपासून मोजा. चढाच्या ओळीचं एकदा संकलन केलं की येतं:

उ² = स² + क²

पायथागोरसच. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू स आणि क, कर्ण उ. त्याच त्रिकोणातून ताणही निघतो: कुठल्याही बिंदूवरचा ताण = व × उ. म्हणजे त्या बिंदूपासून खालच्या रेषेपर्यंत साखळी सरळ सोडली असती तर तिचं जेवढं वजन झालं असतं, तेवढाच. आडवं अंतर अ घेऊन समीकरण हवं असेल तर उ = क × कॉश(अ ÷ क). कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन. नावाला घाबरू नका. २.७१८ या संख्येचा धन घात आणि तेवढाच ऋण घात यांची सरासरी, इतकंच. एक सावकाराच्या चक्रवाढीसारखा वाढणारा, दुसरा त्याच चालीने घटणारा; दोन्हींच्या मधोमध साखळी.

भिंतीवर हे मोजता येतं, आणि कॉशचं बटण न दाबता. अर्ध्या साखळीची लांबी ल आणि झोळ झ मोजला की वरच्या पायथागोरसमधून थेट (नैसर्गिक लॉग म्हणजे २.७१८ या पायाचा, कॅल्क्युलेटरवर ln):

क = (ल² − झ²) ÷ (२ × झ)
अर्धा गाळा = क × नैसर्गिक लॉग[(ल + झ) ÷ (ल − झ)]

दोन मीटरची साखळी घ्या, म्हणजे ल १०० सेंमी. झोळ बरोबर ६० सेंमी येईल असे खिळे ठोकायचे आहेत. क = (१०००० − ३६००) ÷ १२० = ५३.३३ सेंमी. लॉगच्या कंसात १६० ÷ ४० = ४, आणि ४ चा नैसर्गिक लॉग १.३८६३. अर्धा गाळा ७३.९ सेंमी, पूर्ण गाळा १४७.९ सेंमी. एका पातळीत, १४७.९ सेंमीवर दोन खिळे ठोका, साखळी टांगा, झोळ मोजा.

झोळ ६० आला की खरी परीक्षा. मध्यापासून खिळ्याकडे निम्मं अंतर, म्हणजे ३७ सेंमी, सरका आणि तिथे साखळी खालच्या बिंदूपासून किती वर आहे ते पाहा. अन्वस्त असतं तर ६० चा चौथा भाग, म्हणजे १५ सेंमी असतं. साखळीच्या सूत्राने १३.३ येतं. पावणेदोन सेंटिमीटरचा फरक आहे, शाळेतल्या पट्टीनेही पकडता येतो. टोकाचा ताण खालच्या बिंदूच्या २.१२५ पट निघतो (११३.३३ ÷ ५३.३३), आणि टोकाला साखळी आडव्याशी सुमारे ६२ अंश करते.

आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा साखळी चुकीची असते. झोपाळ्याची लांब कड्यांची साखळी घेऊ नका. ती वक्र न होता तुटक रेषांची होते आणि खालचा बिंदू कडीच्या मधे पडतो. सुतळी तर नकोच. तिला गुंडीची आठवण असते, ती स्वतःच्या ताठपणाने वाकते, वजनाने नव्हे. नायलॉनची दोरी हलकी असते आणि ताणली जाते. बारीक कड्यांची, कुत्र्याच्या गळ्याला लावतात तसली साखळी किंवा मण्यांची धातूची चेन उत्तम. टांगल्यावर तिचा पीळ निघू द्या. पिळलेली साखळी दोन-तीन मिलिमीटर आखूड भरते आणि तेवढ्यानेही झोळ बदलतो. लांबी मोजताना साखळी फरशीवर सरळ ठेवून पहिल्या कडीच्या खिळ्याला टेकणाऱ्या कडेपासून शेवटच्या कडीच्या तशाच कडेपर्यंत मोजा. भिंतीला साखळी घासत असेल तर खिळे बोटभर पुढे ठेवा आणि पातळी पाण्याच्या नळीने बघा. गवंड्याची नळी इथे कुठल्याही मोबाइल ॲपपेक्षा भरवशाची.

ताणाच्या सूत्राची परीक्षा आणखी मजेची आहे. खिळ्यांऐवजी दोन छोट्या, मोकळ्या फिरणाऱ्या पुली लावा आणि साखळीची टोकं बांधू नका, पुलींवरून खाली सोडा. लोंबणाऱ्या टोकाचं वजन पुलीवरच्या ताणाला तोलून धरतं, म्हणून टोक बरोबर त्या काल्पनिक रेषेपर्यंत पोचलं पाहिजे. पुलींत एक मीटर अंतर आणि साखळी एकूण २ मीटर ८८ सेंमी घेतली तर मधला झोळ १८ सेंमी आणि दोन्ही टोकं ९०-९० सेंमी. आता एकेक कडी कमी करत जा. पुलींमधल्या अंतराच्या २.७१८ पटीहून साखळी आखूड झाली, इथे २ मीटर ७२ सेंमीच्या खाली, की तोल कुठेच सापडत नाही. टोकं वर ओढली जातात आणि सगळी साखळी मधे कोसळते. २.७१८ हा आकडा असा हाताला लागतो. पुली जाम असेल तर घर्षण साखळीला धरून ठेवतं आणि प्रयोग खोटं बोलतो, म्हणून आधी थेंबभर तेल.

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात लोंबती साखळी अन्वस्ताच्या जवळ जाते असं लिहिलं, आणि झोळ कमी असेल तितकी जास्त जवळ, हेही. त्याची लोक उगाच खिल्ली उडवतात. १६४६ मध्ये सतरा वर्षांच्या हायगेन्सने (पुढे नावाजलेला डच शास्त्रज्ञ) साखळी अन्वस्त नसल्याचं दाखवलं, पण मग ती कोण, हे कळायला कलनशास्त्र यावं लागलं. १६९० मध्ये गणिती याकोब बर्नुलीने प्रश्न जाहीर मांडला. १६९१ मध्ये त्याचा भाऊ योहान, लाइबनिझ आणि हायगेन्स या तिघांची उत्तरं छापून आली. लॅटिनमध्ये साखळीला कॅटेना म्हणतात, त्यावरून हायगेन्सने वक्राला नाव दिलं, आणि कॅटेनरी ते हेच.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने त्याआधी, १६७५ मध्ये, दुसरंच टोक पकडलं होतं: लवचीक साखळी जशी लोंबते, तशीच उलटी करून कडक कमान उभी राहते. साखळीत सगळीकडे फक्त ओढ असते. आकार उलटा केला की सगळीकडे फक्त दाब. दगड-विटांना दाब चालतो, ओढ चालत नाही. त्याने हे अक्षरांची उलथापालथ करून कोड्यात छापलं, आणि उत्तर त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. अमेरिकेतल्या सेंट लुईसची १९२ मीटर उंच आणि तेवढीच रुंद पोलादी कमान याच घराण्यातली, पण तिचे पाय खाली जाड आणि वर बारीक आहेत, त्यामुळे तिचा वक्र शुद्ध कॅटेनरी नसून वजन बदलणाऱ्या साखळीचा आहे. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात, सुतार की झोपडीत, छताला कमानीसारख्या फासळ्या दिसतात तिथे मात्र हे गणित लावू नये. त्या लाकडी बांधकामाची नक्कल म्हणून अखंड कातळात कोरलेल्या आहेत. डोंगरच छत धरून आहे. कमानीला काही उचलायचं नाही.

आता शेतात जाऊ. आपल्याकडच्या लायनींवर दिसणाऱ्या तारांना प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. रॅबिट म्हणजे मधे एक पोलादी आणि भोवती सहा ॲल्युमिनियमच्या तारा, प्रत्येक ३.३५ मिलिमीटर जाडीची. किलोमीटरला २१४ किलो वजन, आणि तुटायला सुमारे १८६० किलोची ओढ लागते. गाळा ८० मीटर आणि झोळ ८० सेंटिमीटर धरू.

झोळ गाळ्याच्या मानाने इतका कमी असेल तर क = (गाळा × गाळा) ÷ (८ × झोळ). इथे ६४०० ÷ ६.४ = १००० मीटर. म्हणजे तारेतला ताण एक किलोमीटर तारेच्या वजनाइतका: २१४ किलो. हे अन्वस्ताचं सूत्र आहे, आणि अचूक कॅटेनरीने झोळ काढला तर फरक पडतो एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. भिंतीवरच्या साखळीत पावणेदोन सेंटिमीटर, इथे कागदाच्या जाडीएवढा. म्हणून वीजवाल्यांनी अन्वस्त वापरणं ही चूक नाही. गॅलिलिओचं म्हणणं इथे सही-सही खरं आहे. ढोबळ नियम असा धरा: झोळ गाळ्याच्या दहाव्या भागापेक्षा कमी असेल तर अन्वस्त चालवा, मोठा असेल तर कॉश काढा.

याच सूत्रात दिसतं की झोळ आणि ताण एकमेकांच्या व्यस्त चालतात. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट. "एकदम सरळ ओढा" म्हणणाऱ्याने झोळ ८ सेंटिमीटरवर आणायला सांगितलाय असं समजा: ताण दहापट, २१४० किलो. तार १८६० लाच तुटते. पूर्ण सरळ तार तर कुठल्याच जोराने होत नाही, कारण सरळ आडवी तार स्वतःचं वजन उचलायला उभा जोर आणणार कुठून? मोटेचा नाडा असो की अंगणातली वलणी, आडवी ताणली की थोडा झोळ राहतोच.

मग खांबांमधे तार जादा किती आहे? जादा लांबी = (८ × झोळ × झोळ) ÷ (३ × गाळा) = ५.१२ ÷ २४० = ०.०२१ मीटर. दोन सेंटिमीटर आणि वर थोडं! ऐंशी मीटरच्या गाळ्यात बोटाच्या एका पेराएवढी तार जादा आहे आणि तिने ८० सेंटिमीटरचा झोळ दिलाय. लोकांना पटत नाही ते हेच. माणूस झोळ पाहून म्हणतो, मीटरभर तरी तार जास्त सोडलीय. लांबीतला किरकोळ फरक झोळात वर्गमुळाने फुगून दिसतो, आणि पुढच्या सगळ्या तक्रारी याच फुगण्यातून निघतात.

रॅबिटची तार एका अंशाला मीटरमागे ०.०१९१ मिलिमीटर वाढते. ८० मीटरला दीड मिलिमीटर. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवा ४२ च्या पुढे. उन्हात तापलेली आणि पंपांचा भार वाहणारी तार स्वतः ६० अंशांवर सहज जाते. ५० अंशांना साडेसात सेंटिमीटर लांबी वाढते. आधीचे दोन आणि हे साडेसात धरून सरळ वर्गमूळ काढलं तर झोळ १.७१ मीटर येतो. पण तो जास्त आहे. झोळ वाढला की ताण उतरतो, ताण उतरला की ताणलेली तार लवचीकपणाने थोडी आखडते. ती दुरुस्ती इथे पावणेदोन सेंटिमीटरची. सगळं धरून झोळ १.५६ मीटर, ताण ११० किलो. ८० सेंटिमीटरचा झोळ जवळजवळ दुप्पट झाला, आणि कुणी काही ढिलं सोडलेलं नाही.

उलटं गणित जास्त धोक्याचं. मे महिन्यात, तार ४५ अंशांवर असताना, कुणी झोळ ८० सेंटिमीटरवर बसवला आणि खूश झाला. जानेवारीच्या पहाटे ५ अंशांवर तार सहा सेंटिमीटर आखडायला बघते, पण तिच्याकडे जादा आहेत फक्त दोन. उरलेलं ती स्वतःला ताणून भागवते. ताण २१४ वरून ४८७ किलोवर जातो आणि झोळ ३५ सेंटिमीटर उरतो. तार तुटत नाही, पण वळणावरचा आणि टोकाचा खांब, त्याचा स्टे (खांबाला तिरकं ओढून धरणारी तार), जोडाच्या जागा हे सगळं दुपटीहून जास्त जोराखाली येतं, आणि त्यात वाऱ्याचा जोर वेगळा. म्हणून तार ओढताना झोळाचा तक्ता तापमानासकट लागतो. तापमान न बघता "गेल्या खेपेएवढाच" झोळ ठेवणं म्हणजे अंदाजपंचे काम. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं ताणाखाली कायमचं थोडं लांबतं, तेही तक्त्यात आधीच धरावं लागतं.

मराठवाड्यात याहून मोठा खोडसाळ मात्र पायाखाली आहे: काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दरवर्षी त्यातला खांब इकडेतिकडे हलतो. आठ मीटरचा खांब दीड मीटर पुरलेला, वर साडेसहा. तो गाळ्याच्या बाजूला एक अंशाहूनही कमी कलला की शेंडा १० सेंटिमीटर सरकतो. डोळ्याला दिसतही नाही. पण या गाळ्याच्या दृष्टीने १० सेंटिमीटर जादा तार आली. लवचीकपणाची दुरुस्ती धरून, १० अंशांवरच झोळ ८० वरून १.७५ मीटरवर जातो. कललेला खांब आणि तापलेली तार एकत्र आले की २.२९ मीटर. तार खांबावर ६.३ मीटर उंचीला बांधलेली असेल तर मधे जमिनीपासून चारच मीटर उरतात. रस्ता सोडून इतरत्र, ११ केव्हीपर्यंतच्या (अकरा हजार व्होल्ट) उघड्या तारेला नियमाने ४.६ मीटर मोकळी उंची लागते. रस्ता ओलांडताना लघुदाबाला ५.८, उच्चदाबाला ६.१.

अशा गाळ्यात नुसती तार ओढणं हा चुकीचा इलाज. पुढच्या पावसात खांब परत सरळ व्हायला लागला तर तीच तार ताणून धरेल, आणि शेजारच्या गाळ्यात उलटा परिणाम होईल तो निराळाच. आधी खांब सरळ करून खड्डा मुरूम-दगडाने ठोकून भरावा किंवा काँक्रीट करावं, स्टे ताणावा, मग झोळ लावावा. गाळाच मोठा असेल तर मधे एक खांब टाकावा: तोच ताण ठेवला तर गाळा निम्मा झाल्यावर झोळ चौथाईवर येतो. खांबाचा खर्च आहे, पण तारेवर किंवा टोकाच्या खांबावर जास्तीचा किलोभरही जोर येत नाही.

बालाघाट डोंगरांच्या उतारांवर आणखी एक गंमत. खांब एका पातळीत नसतील तर खालचा बिंदू मध्यावर राहत नाही, उताराच्या खांबाकडे सरकतो: सरकणं = क × उंचीतला फरक ÷ गाळा. आपला क १००० मीटर, गाळा ८०. फरक ३.२ मीटर झाला की सरकणं ४० मीटर, म्हणजे खालचा बिंदू थेट खालच्या खांबावर. फरक त्याहून वाढला की तार त्या खांबापासून सरळ वर चढत जाते आणि इन्सुलेटरला वर उचलू बघते. पुढचा गाळाही वरच चढत असेल तर खळग्यातल्या त्या खांबावरची पिन उपटली जाते किंवा बांधणी सुटते. हिवाळ्यात क वाढतो, म्हणून हा त्रास थंडीत निघतो आणि उन्हाळी पाहणीत दिसत नाही. खळग्यात उंच खांब घ्यावा, किंवा तिथे तार दोन्ही बाजूंनी ताणून बांधावी.

झोळ मोजायची वायरमनची पद्धत सरळ आहे. दोन्ही खांबांवर तारेच्या बांधणीपासून झोळाएवढं खाली पट्टी आडवी बांधायची, एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे बघायचं, आणि तार त्या नजरेच्या रेषेला टेकेपर्यंत सोडायची किंवा ओढायची. दुसरी पद्धत घड्याळाची आहे आणि ती मला जास्त सुंदर वाटते. तारेला टोकाजवळ एक टपली मारली की लाट दुसऱ्या टोकाला जाऊन परत येते. तो वेळ सेकंदात घ्या, वर्ग करा, ०.३०६६ ने गुणा: झोळ मीटरमध्ये. गाळा किती, तार कुठली, वजन किती, काही लागत नाही. सूत्रातून सगळं कटून जातं. ८० सेंटिमीटर झोळाला लाट १.६ सेकंदांत परत येते. एक फेरी मोजणं चुकतं, म्हणून पाच फेऱ्या मोजून पाचाने भागा. विजेच्या तारेला हे फक्त लाइन बंद करून, अर्थिंग लावून, ज्याचं ते काम आहे त्यानेच करायचं. घरी करून बघायला वलणी किंवा कासरा पुरतो: वीस मीटर दोरी, अर्धा मीटर झोळ, पाच फेऱ्यांना ६.४ सेकंद.

वाऱ्यात तार आडवी झुलते तेव्हाही तिचा झोका जवळपास तेवढ्याच वेळाचा. ८० सेंटिमीटर झोळाची तार १.६ सेकंदांत एक झोका पूर्ण करते, १.५६ मीटर झोळाची २.२६ सेकंदांत. शेजारच्या दोन तारांचा झोळ सारखा असेल तर त्या एका ठेक्यात, जोडीने झुलतात आणि त्यांच्यातलं अंतर टिकतं. एकीचा कमी, दुसरीचा जास्त असेल तर ठेका बिघडतो, काही झोक्यांनी त्या समोरासमोर येतात आणि भिडतात. तोडणीला आलेल्या उसाच्या फडावर ठिणगी पडते ती अशी. म्हणून सगळ्या तारांचा झोळ एकसारखा असणं हे झोळ कमी असण्याइतकंच महत्त्वाचं. फक्त लोंबलेली एकच फेज ओढून उरलेल्या तशाच सोडल्या तर काम अर्धवटच.

रेल्वेवाल्यांनी तापमानाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलाय. रुळांवरच्या दोन तारांपैकी वरच्या तारेला ते कॅटेनरीच म्हणतात, आणि गंमत म्हणजे ती जवळपास अन्वस्त असते: झोळ कमी, आणि खालच्या संपर्क तारेचं ओझं तिच्यावर आडव्या मीटरमागे सारखं टांगलेलं. दोन्ही तारांत मिळून सहसा २००० किलोचा ताण कायम ठेवायचा असतो. त्यासाठी तारेचं टोक खांबाला पक्कं न बांधता पुलींवरून वजनाला अडकवतात. तीन पुलींच्या रचनेत सुमारे ६६५ किलो वजन पुरतं, आणि तार जितकी सरकते त्याच्या तिप्पट वजन खालीवर होतं. ताण बदलत नाही म्हणून क बदलत नाही, क बदलत नाही म्हणून झोळही बदलत नाही. ७५० मीटर तांब्याची तार ३० अंशांना ३८ सेंटिमीटर वाढते, म्हणजे वजन सुमारे १.१५ मीटर खाली येतं. स्टेशनाजवळ खांबाला टांगलेल्या त्या लोखंडी चकत्यांची चळत जानेवारीच्या सकाळी कुठे आहे ते पाहून ठेवा आणि मेच्या दुपारी परत पाहा.